धोंडशीर आणि ध्येय



सुरतेच्या एका मराठी शाळेत मी शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या क्रीडादिनी शिक्षकांचीही १०० मीटरची शर्यत ठेवली होती. माझे वय तेव्हा ४३. वर्षभर न धावलेला मनुष्य मुलांच्या टाळ्यांच्या भरात धावला. अर्धे अंतर गेलो न गेलो तोच कोणी मागून पोटरीवर काठी हाणली असे वाटले. वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. डॉक्टरांनी मला पालथे निजवून पोटरी दाबली. पाऊल हलले नाही. टाचेवरची जाड शीर, जिला जुन्या मराठीत धोंडशीर म्हणत, ती तुटली होती. पोटरी दाबून पाहण्याची ही साधी परीक्षा सिमंड्स नावाच्या शल्यवैद्याने १९५७ साली लिहून ठेवली आहे.

"पुन्हा धावेन केव्हा?" मी विचारले.

"मास्तर, आधी उभे केव्हा राहीन ते विचारा," डॉक्टर म्हणाले.

त्या वेळी मला त्या उत्तराचा राग आला. पुढे पाय उशीवर ठेवून पडलो असता ह्या शिरेचा इतिहास वाचला, तेव्हा ते उत्तर पटले. तोच इतिहास आज थोडक्यात सांगतो.

पाश्चात्त्य लोक ह्या शिरेला ग्रीक वीर अकिलीस ह्याचे नाव देतात. आईने त्याला दिव्य नदीत बुडविले, पण धरलेली टाच कोरडी राहिली आणि तेथेच त्याला मृत्यूने गाठले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मात्र ती होमरच्या महाकाव्यात नाही. ती पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्टेशियस ह्या रोमन कवीच्या काव्यात भेटते. आपल्याकडे मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायात रुततो. ती जागा म्हणून सौराष्ट्रात वेरावळजवळचे भालका तीर्थ दाखवितात. दोन्ही कथा बाणापाशी संपतात. सामान्य माणसाची कथा मात्र बाण लागल्यानंतर सुरू होते, कारण त्याला दुसऱ्या दिवशी उठून कामावर जायचे असते.

अकिलीसचे नाव ह्या शिरेस देण्याचे श्रेय फिलिप व्हेरहायन ह्या फ्लेमिश पंडितास देतात. तो शेतकऱ्याचा मुलगा, १६४८ साली जन्मलेला. धर्मगुरू व्हावे म्हणून तो लूव्हेन येथे शिकत होता. ऐन तारुण्यात पायाला व्याधी जडली आणि डावा पाय कापावा लागला. त्यामुळे धर्मगुरुपदाची वाट बंद झाली. तो वैद्यकाकडे वळला, पुढे त्याच विद्यापीठात शरीररचनेचा प्राध्यापक झाला, आणि १६९३ च्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या शिरेस अकिलीसची दोरी म्हटले. आपला कापलेला पाय त्याने स्वतःच चिरून अभ्यासला, अशी गोष्ट सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही, आणि तिची गरजही नाही. एक ध्येय मोडले असता त्याच जागी दुसरे उभे केले, एवढे खरे चरित्र पुरेसे आहे.

दुसरा पुरुष लंडनचा जॉन हंटर. १७६७ साली, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, नाचताना त्याची धोंडशीर तुटली. हा त्या काळचा नामांकित शल्यवैद्य. त्याने पोटरीस पट्टी बांधली, टाच उंच केलेला जोडा घातला आणि चालत राहिला. नंतर त्याने कुत्र्यांच्या शिरा त्वचेतील लहान छिद्रातून तोडल्या आणि निरनिराळ्या दिवशी त्या कशा जुळत आहेत हे पाहिले. प्रयोग निर्दय होते. पण त्वचा न फाटता मोडलेले हाड जसे सांधते, तशीच तुटलेली शीरही जुळते, हे त्यातून कळले. हंटरने आपल्या दुखण्याचाच प्रश्न केला आणि उत्तरासाठी दिवस मोजले.

ही मोजणी महत्त्वाची आहे. धोंडशीर शरीरातील सर्वांत बळकट कंडरा खरी, पण टाचेच्या हाडापासून सुमारे २ ते ६ सेंटिमीटर वर तिला रक्ताचा पुरवठा तोकडा असतो. बहुधा तेथेच ती तुटते आणि तेथेच सावकाश भरते. विसाव्या शतकात पुष्कळ काळ पाय सहा-आठ आठवडे प्लॅस्टरमध्ये कोंडून ठेवण्याची रीत होती. आता पुष्कळ ठिकाणी टाचेखाली पाचरी घातलेला बूट देऊन लवकर, पण मोजून, भार टाकावयास लावतात. योग्य बेताने ताण पडला म्हणजे नवे तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात. शस्त्रक्रिया करावी की नाही, ह्यावर नॉर्वेत ५२६ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर दोन्ही वाटांच्या रुग्णांचा पाय जवळजवळ सारखाच चालत होता. शस्त्रक्रियेविना शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण १०० त सुमारे ६ होते, शस्त्रक्रियेनंतर एकाहून कमी. उलट शस्त्रक्रियेत मज्जातंतूंस इजा अधिक झाली. सारांश, वाट कोणतीही घ्या, पुढचे महिने रुग्णालाच चालावे लागतात.

आता आपल्याकडचा पुरुष. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. दुखापत माझ्याहून कितीतरी भयंकर. मुष्टियुद्धाचे ध्येय तेथेच संपले. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विक्रमी वेळेने भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या ध्येयाचा हट्ट धरून ते बसले असते, तर पाणी त्यांना भेटले नसते.

माझी गोष्ट लहान आहे. चौथ्या महिन्यात मी डॉक्टरांस न विचारता गच्चीवर धावून पाहिले. संध्याकाळी टाच सुजली, आणि शीर पुन्हा तुटली की काय ह्या भीतीने रात्रभर झोप लागली नाही. ती तुटली नव्हती. पण त्या रात्री मी कागद घेतला आणि धावणे खोडून खाली लहान ध्येये लिहिली. पूर्ण तास फळ्यापाशी उभे राहणे. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात कठड्याविना चढणे. रविवारी मिस्साला गुडघे टेकून आधाराविना उठणे. दोन्ही टाचा उचलणे. मग फक्त दुखऱ्या पायाची, प्रथम एकदा. ते 'एकदा' साधावयास सहावा महिना उजाडला. मुलांच्या शंभर गुणांपेक्षा मला त्या एकाचा आनंद अधिक झाला.

गेल्या क्रीडादिनी मी शर्यतीच्या रेषेवर होतो, पण शिट्टी वाजविण्यासाठी. आज सकाळी तापीच्या काठाने ५ किलोमीटर चालून आलो आहे. धावेन की नाही, ते शीर ठरवील. उद्याचे ध्येय मात्र ठरले आहे: दुखऱ्या टाचेवर पंचवीस वेळा उठणे. सध्या बावीस होतात.