नागपूर : नाव कुणाचं?

मागल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात दोन पोरं हमरीतुमरीवर आली. एक म्हणाला, नागपूर हे नाव नाग लोकांचं, विषय संपला. दुसरा आमच्या मिलमधला. तो म्हणाला, "काहून बे? नदी नागावानी वाकडी चालते म्हणून नाग नदी, आन् नदीवरून नागपूर. तुह्यापाशी काय पुरावा हाय?" पहिला गप्प झाला. मग चिडून म्हणाला, "बाबासाहेबांनी सांगितलं, बस!"

दोस्तहो, मला तो "बस" खुपला. बाबासाहेबांचं नाव घेऊन आपणच विचाराला कुलूप लावणार असू, तर पोथीवाल्यांत आणि आपल्यात फरक काय? म्हणून पाळी सुटली की वाचनालयात बसलो. सापडलं ते मांडतो.

आधी बाबासाहेबांचं म्हणणं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडलं ते सांगितलं. इथं संघ आहे, त्याला डिवचायला नागपूर निवडलं, अशी चर्चा होती. ती त्यांनी साफ खोडून काढली. बुद्धाचा धम्म पसरवला तो नाग लोकांनी, त्यांची वस्ती या भागात होती, म्हणून नागपूर. नदीचं नावही तिच्या काठच्या लोकांवरूनच आलेलं दिसतं, असा त्यांचा तर्क. नाग आणि द्रविड हे एकच लोक, हे तर त्यांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आधीच मांडलं होतं.

इंग्रजांचं गॅझेटियर म्हणतं, गावाचं नाव नदीवरून. ठीक. पण नदीचं नाव कशावरून? प्रश्न फक्त एक पायरी मागं गेला.

शाळेत शिकवतात, शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं, 1702 च्या सुमारास. हे खरं, आणि आदिवासी राजाचं हे श्रेय कुणी झाकू नये. पण नाव त्याच्याहून फार जुनं. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला एक ताम्रपट सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, साल 940. त्यात "नागपूर-नंदिवर्धन" असं विभागाचं नाव येतं. म्हणजे बख्त बुलंदच्या साडेसातशे वर्षं आधी. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. त्यातलं नागपूर म्हणजे आजचंच गाव का, ते ताम्रपट सांगत नाही.

आणखी मागं जा. त्याच नंदिवर्धनातून वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिनं पाचव्या शतकात दानपत्र दिलं. त्यात ती आपल्या आईचं नाव सांगते : कुबेरनागा, नागकुळातली. म्हणजे नाग ही नुसती सापाची गोष्ट नव्हती. नाग म्हणवणारी माणसं होती, घराणी होती, आणि या मुलखाशी त्यांची सोयरीक होती.

आणि पवनी. भंडारा जिल्हा, वैनगंगेचा काठ. 1969-70 मध्ये तिथं खणलं, तर जमिनीखालून बौद्ध स्तूप निघाले, दोन हजार वर्षांहून जुने. तिथल्या दगडात मुचलिंद नाग कोरलेला. पावसात बुद्धावर फणा धरणारा तोच. बाबासाहेब गेल्यावर तेरा वर्षांनी माती बोलली.

मग नाव सिद्ध झालं का? नाही. नाग लोकांवरून नागपूर पडलं, असं लिहिलेला दगड अजून मिळालेला नाही. नदीवाल्यांपाशी तरी कुठं आहे? फुकट जोर करू नका. पण एवढं विचारा, की लिहून ठेवणारं होतं कोण? देवळीचा ताम्रपट एका ब्राह्मणाला गाव दान दिल्याचा आहे. घेणाऱ्याचं नाव तांब्यावर कोरलं. त्या गावात नांगर धरणाऱ्यांचं नाही. ज्यांच्या हातात छिन्नी आणि टाक नव्हता, त्यांच्याकडेच आज पुरावा मागतात.

याच शहरात एक मिल होती. 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. तारखेसकट सगळं पक्कं, कारण मालकाचं नाव ठेवणं कागदावर येतं. 2002 ला ती बंद झाली. पण तिच्यात पिढ्यान्पिढ्या राबलेल्या आपल्या लोकांना बापानं ठेवलेलं नावही धड राहू दिलं नाही. धोंडिबाचा धोंड्या झाला, आणि तो कुणी केला याची नोंद कुठं नाही.

म्हणून पोरांनो, कुणी पुरावा मागितला तर चिडू नका. देवळी सांगा, कुबेरनागा सांगा, पवनीला घेऊन जा. जिथं तर्क आहे तिथं तर्क म्हणा. बाबासाहेबांनी आपल्याला तर्क करायला शिकवलं, घोकायला नाही. आणि नावाचा निकाल उद्या नदीच्या बाजूनं लागला, तरी 14 ऑक्टोबरचं काही जात नाही. त्या दिवशी लाखो माणसांनी इथं स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. त्याची तारीख पक्की आहे.

पुढच्या वर्गात त्या दोघांनाही पवनीवर बोलायला लावणार आहे. जय भीम.