कुणाचा रे तू? सोलापूरच्या सेटलमेंटमधील मुले आणि ओळखीचा इतिहास

१/
सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात अनोळखी पोर दिसले, की पारावरचा म्हातारा पहिला प्रश्न विचारतो, "कुणाचा रे तू?" पोराचे स्वतःचे नाव नंतर येते. या प्रश्नाचे उत्तर देता येणे ही ओळखीची पहिली पायरी. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्या उत्तराने समाधान न होणे ही दुसरी. आजचा धागा अशा मुलांविषयी आहे, ज्यांचे उत्तर सरकारने आधीच नोंदवहीत लिहून ठेवले होते.

२/
सोलापूर शहरात आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. पत्त्यांमध्ये 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे लिहिलेले आढळते. शहरवासीयांना हे नाव इतके सवयीचे झाले आहे, की त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. येथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मोकळी. तारेच्या कुंपणाबाहेरची. मग कुंपणाच्या आत कोण होते?

३/
त्यासाठी १८७१ सालाकडे जावे लागते. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' संमत केला. त्यामागचा युक्तिवाद असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो; त्याच न्यायाने काही जातींचा पिढीजात धंदाच गुन्हा हा आहे. एकदा हे मान्य केले, की गुन्हा कोणी केला हे पाहण्याची गरज उरत नाही. जन्म कोणत्या घरात झाला, एवढे पुरते.

४/
हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकला. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून घोषित झाली, की तिच्या माणसांची नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी लावावी लागे आणि गाव सोडायचे तर परवानगी लागे. १९२४ मध्ये हे कायदे एकत्र करून नवा कायदा झाला. चौकट मात्र तीच राहिली.

५/
भटक्या माणसांची हजेरी घेणे अवघड, म्हणून त्यांना एका जागी बसवण्याची योजना पुढे आली. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, मांग गारुडी अशा अनेक जमातींची कुटुंबे त्यांत आणली गेली.

६/
सोलापूरच का? येथे गिरण्या होत्या. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी गिरणी' आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या यांना माणसांची सतत गरज असे. सरकारला माणसे एका जागी हवी होती आणि गिरण्यांना मजूर हवे होते. त्यामुळे दिवसाचे दोन मालक झाले: गिरणीचा भोंगा आणि सेटलमेंटची हजेरी. ज्याची वर्तणूक 'सुधारली' असे अधिकाऱ्यांना वाटे, त्याला कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत घर मिळे. तीच ही 'फ्री कॉलनी'.

७/
आता मूळ विषयाकडे येऊ. या कायद्यात मुलांसाठी एक स्वतंत्र कलम होते. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. 'मूल' कोणाला म्हणायचे, हेही त्यात सांगितले होते: सहा वर्षांहून अधिक आणि अठरा वर्षांहून कमी वयाची व्यक्ती. म्हणजे 'मी कोण?' हा प्रश्न ज्या वयात जन्मतो आणि पिकतो, नेमके तेच संपूर्ण वय.

८/
कायद्याच्या पोटातली विसंगती पाहा. गुन्हा जन्मानेच येत असेल, तर शाळा काढून काय उपयोग? आणि शाळेने मूल बदलत असेल, तर त्याच्या जन्मावर शिक्का कशासाठी? राज्यकर्ते दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानत होते. सेटलमेंटच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळी सांगितले जाई, तू चांगला होऊ शकतोस. संध्याकाळी तेच मूल आपल्या बापाला हजेरीच्या रांगेत उभे असलेले पाही.

९/
स्टार्ट यांना खलनायक ठरवून हा इतिहास सुटत नाही. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीविषयी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा होते. सेटलमेंटमधल्या शाळांतून काही मुलांच्या हाती खरोखरच पाटी-पेन्सिल आली. पण ज्या हाताने पाटी दिली, त्याच हाताने कुंपण घातले होते, हेही तितकेच खरे.

१०/
त्याच काळात, हजारो मैल दूर जर्मनीत, एक मुलगा वेगळ्याच पेचात वाढत होता. १९०२ मध्ये फ्रँकफुर्टजवळ जन्मलेल्या या मुलाला आपला जन्मदाता ठाऊक नव्हता. घर ज्यू, पण रूप गोरे, डोळे निळे. प्रार्थनामंदिरातली मुले त्याला परका म्हणत. शाळेतली मुले ज्यू म्हणून हिणवत. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने सावत्र वडिलांचे आडनाव मागे ठेवून नवे आडनाव घेतले. तोच मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन.

११/
किशोरवयातील 'ओळखीचा पेच' ही कल्पना एरिक्सन यांनीच रूढ केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या वयात मूल आजवर मिळालेल्या साऱ्या भूमिका, म्हणजे कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, कोणत्या वर्गात, कोणत्या जातीत, पुन्हा हाताळून पाहते. काही ठेवते, काही टाकते. यासाठी समाजाने त्याला थोडी उसंत द्यायची असते. चुकण्याची, फिरण्याची, मत बदलण्याची मुभा द्यायची असते.

१२/
सेटलमेंटच्या मुलाला नेमकी हीच उसंत नव्हती. फिरणे हा कायद्याने गुन्हा होता. एक चूक म्हणजे जन्माविषयीच्या संशयाला मिळालेला पुरावा होता. इतर घरांतल्या मुलाने पेरू चोरला तर ती खोडी. याने चोरला तर तो 'जातीचा गुण'.

१३/
एरिक्सन यांनी 'नकारात्मक ओळख' अशीही एक संकल्पना मांडली. एखाद्या मुलाला सगळे जग सतत वाईटच म्हणत राहिले, तर कधी कधी ते मूल तीच ओळख अंगीकारते. कारण काहीच नसण्यापेक्षा 'वाईट' असणे त्याला अधिक ठोस वाटते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये आणखी एका अवस्थेकडे लक्ष वेधले: शोध न घेताच ठरून गेलेली ओळख. मार्शिया यांच्या मांडणीत असा तयार साचा बहुधा आईवडिलांकडून येतो. सोलापुरात तो सरकारी दप्तरातून आला.

१४/
आता त्याच शहराचे दुसरे चित्र पाहा. मे १९३० मध्ये सोलापूरने ब्रिटिश सत्ता काही दिवस झुगारून दिली आणि शहरावर लष्करी कायदा लादला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. गिरणी कामगारांत वावरणारा, 'गझनफर' हे पत्र चालवणारा कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीत होता.

१५/
'मी कोण?' या प्रश्नाला त्या तरुणाने स्वतःच्या निवडीने उत्तर दिले आणि त्याची किंमतही मोजली. सरकारच्या लेखी तोही गुन्हेगारच होता. फरक एवढाच, की त्याचा 'गुन्हा' त्याने निवडलेला होता आणि शहराने त्याला हुतात्मा म्हटले. त्याच शहरात कुंपणाआडच्या त्याच्या वयाच्या मुलाला गुन्हेगार हे नाव काहीही न करता मिळाले होते, आणि त्याला हुतात्मा म्हणणारे कोणी नव्हते.

१६/
मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. तो दिवस आज 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या सेटलमेंटची तार पंडित नेहरूंच्या हस्ते तोडली गेल्याची आठवण या जमातींत आजही अभिमानाने सांगितली जाते. 'गुन्हेगार' हा शब्द गेला, 'विमुक्त' हा शब्द आला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी कायदा झाला आणि जुना संशय नव्या दाराने बराचसा आत आला.

१७/
कागदावरची ओळख एका दिवसात पुसता येते, मनातली नाही. कुंपण गेल्यावर वाढलेल्या पिढीपुढे दोन वाटा होत्या. आडनाव बदला, वस्तीचे नाव सांगू नका, मिसळून जा. किंवा तेच नाव घेऊन उभे राहा. पहिली वाट धरणाऱ्यांना आपण नावे ठेवू नयेत. नोकरी आणि भाड्याची खोली मिळवायची तर पुष्कळदा तेवढाच मार्ग उरे.

१८/
दुसऱ्या वाटेची साक्ष मराठी साहित्यात आहे. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. मूळच्या लातूर भागातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही आत्मकथनांचा मोठा भाग बालपण आणि किशोरवय यांचाच आहे: शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणारा मुलगा, मागे ओढणारी भूक आणि अविश्वासाने पाहणारे जग.

१९/
या पुस्तकांची शीर्षके पुन्हा वाचा. उपरा. उचल्या. हे जगाने दिलेले शब्द आहेत, हिणवण्यासाठी वापरलेले. लेखकाने तोच शब्द मुखपृष्ठावर घेतला आणि त्याखाली स्वतःचे नाव छापले. एरिक्सन यांच्या भाषेत सांगायचे, तर ही नकारात्मक ओळख स्वीकारणे नव्हे आणि तिच्यापासून पळणेही नव्हे. शब्द जगाचा, पण आता त्याचा अर्थ आम्ही सांगणार, असा हा पवित्रा आहे.

२०/
सोलापूर जिल्ह्यातच याचे आणखी एक उदाहरण आहे. ते सेटलमेंटचे नव्हे, पण जन्मावरून ओळख ठरवण्याच्या त्याच रीतीचे. करमाळा तालुक्यातील नेरले गावी, तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी स्त्रीच्या पोटी १९७० मध्ये किशोर काळे यांचा जन्म झाला. 'कुणाचा रे तू?' या प्रश्नाला गावाला हवे असलेले, म्हणजे बापाचे नाव असलेले उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

२१/
हा मुलगा शिकून मुंबईत डॉक्टर झाला. १९९४ मध्ये त्याचे आत्मकथन आले: 'कोल्हाट्याचं पोर'. लेखकाचे नाव, किशोर शांताबाई काळे. वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव. २००७ मध्ये एका अपघातात ते गेले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव सक्तीचे केले. करमाळ्याच्या या पोराने ते तीस वर्षे आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहिले होते.

२२/
हा इतिहास संपला असे मात्र समजू नका. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यासाठी साधारणतः २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांचे पूर्वज पालात राहिले, त्यांच्याकडे कागद कुठून येणार? आणि एखाद्याचे आजोबा सेटलमेंटच्या शाळेत शिकले असतील, तर त्या शाळेतली जातीची नोंदच नातवाच्या कामी येऊ शकते. आजोबांना बांधणारे दप्तर, नातवाला प्रवेश मिळवून देणारे दप्तर!

२३/
म्हणून किशोरवयातील ओळख ही एकट्याच्या मनात घडणारी गोष्ट आहे, असे मानणे अपुरे आहे. 'मी कोण?' हे मूल विचारते खरे, पण उत्तरासाठी शब्द त्याला समाज देतो. समाजाने एकच शब्द दिला, तर मुलाचा बराच काळ तो खोडण्यात जातो. सेटलमेंटच्या पहिल्या पिढीकडून सरकारने बोटांचे ठसे घेतले. पुढच्या पिढ्यांतल्या काहींनी पुस्तकांवर स्वतःच्या सह्या केल्या. मधली वाट किती लांब होती, हे त्यांच्या पुस्तकांतूनच कळते.

२४/
धागा इथे थांबवू या. वाचकांपैकी कोणी सोलापूरचे असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना सेटलमेंटविषयी जरूर विचारा. तारेच्या आतली आठवण असो वा बाहेरची, लिहून ठेवा. आणि नव्या मुलाला 'कुणाचा रे तू?' असे विचाराल, तेव्हा त्याचे नावही विचारा आणि त्याला सावकाश उत्तर देऊ द्या.