डॉ. एस. पद्मावती : हृदयविकाराचा माग काढत चुलीपर्यंत पोचलेल्या डॉक्टर

29 ऑगस्ट 2020. कोरोनाची पहिली लाट जोरात होती. रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी येत होती आणि वाचणारे आपण सुन्न होऊन पुढे स्क्रोल करत होतो. त्याच दिवशी दिल्लीतल्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये 103 वर्षांच्या एका डॉक्टर बाईंचं निधन झालं. हे हॉस्पिटल त्यांनीच उभं केलं होतं आणि पेशंट म्हणून शेवटचे दिवस त्यांनी तिथेच काढले.

डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. देशभर त्यांना डॉ. एस. पद्मावती म्हणून ओळखत. त्या दिवशी श्रद्धांजलीच्या बहुतेक पोस्टमध्ये एकच ओळ होती, 'भारतातल्या पहिल्या महिला कार्डिओलॉजिस्ट'. ओळ खरी आहे. पण 'पहिल्या महिला' एवढं म्हणून थांबलं, की त्यांनी नेमकं काय शोधलं हे बाजूलाच राहतं. त्यांनी शोधलेली गोष्ट तुमच्या आजीच्या स्वयंपाकघराशी जोडलेली आहे.

ब्रह्मदेशातलं बालपण आणि युद्ध

पद्मावतींचा जन्म 20 जून 1917 चा, ब्रह्मदेशातला. मराठी माणसाला ब्रह्मदेश म्हटलं की टिळक आणि मंडालेचा तुरुंग आठवतो. पण त्या काळी तिथे भारतीयांची मोठी वस्ती होती. व्यापारी, कारकून, मजूर, वकील असे सगळे तिथे होते. 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. पद्मावतींचे वडील बॅरिस्टर होते. मुलींनी शिकावं अशा मताचं ते घर होतं. पद्मावतींनी रंगूनच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. 1942 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि लाखो भारतीयांना देश सोडावा लागला. पद्मावती आई आणि बहिणींबरोबर बाहेर पडल्या आणि तमिळनाडूत कोइमतूरला आल्या. घरातले पुरुष मागे राहिले. पुढची काही वर्षं या कुटुंबाची ताटातूट होती. हातात डॉक्टरकीची पदवी, पण राहतं शहर, ओळखी, नोकरी यातलं काहीच शिल्लक नाही, अशी अवस्था. पंचविशीत हे सगळं अंगावर आलेली मुलगी पुढे काय करते? पद्मावती आणखी शिकायला गेल्या.

लंडन, स्वीडन, अमेरिका

1949 मध्ये त्या लंडनला गेल्या. लंडन आणि एडिंबरा इथल्या रॉयल कॉलेजांच्या पदव्या मिळवल्या. तिथल्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये काम करताना हृदयरोग हाच आपला विषय असं ठरत गेलं. मग स्वीडनमध्ये काही महिने प्रशिक्षण, आणि तिथून अमेरिका.

अमेरिकेत त्यांना दोन गुरू मिळाले आणि दोघंही या शास्त्रातली दिग्गज माणसं. पहिल्या, जॉन्स हॉपकिन्समधल्या हेलन टॉसिग. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या, अंग निळं पडणाऱ्या बाळांवर 1944 मध्ये पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, तिची कल्पना टॉसिग यांची. विशेष म्हणजे टॉसिग यांना नीट ऐकू येत नसे. छातीवर हात ठेवून, बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवरून त्या हृदयाची परीक्षा करत. दुसरे गुरू हार्वर्डचे पॉल डडली व्हाइट. हृदयरोग होण्याआधीच टाळायचा, त्यासाठी माणूस कसा जगतो ते बघायचं, हा त्यांचा आग्रह. पुढे 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा सल्ल्यासाठी याच व्हाइटना बोलावलं होतं.

पद्मावतींचं पुढचं काम पाहिलं की दोघांचीही छाप दिसते. पेशंट हाताने तपासायचा, आणि त्याच्या घरापर्यंत विचार न्यायचा.

फक्त बायकांच्या हॉस्पिटलात

1953 मध्ये त्या भारतात परतल्या. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने त्यांना दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात लेक्चररची जागा मिळाली. 1916 मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज मुलींसाठी होतं. ज्या बायकांना पुरुष डॉक्टरकडे जाण्याची घरून परवानगी नसे, त्या इथे येत.

वर्षभरात पद्मावतींनी तिथे हृदयरोगाचं क्लिनिक सुरू केलं. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने कॅथ लॅबही उभारली. उत्तर भारतातली ती पहिली.

आज 'कॅथ लॅब' म्हटलं की आपल्याला अँजिओग्राफी आणि स्टेंट आठवतात. तेव्हा काम वेगळं होतं. हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची आणि आतल्या कप्प्यांमधला दाब मोजायचा. वेर्नर फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरने 1929 मध्ये हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता. या तंत्राला नोबेल मिळालं 1956 मध्ये. म्हणजे दिल्लीतली लॅब नोबेलच्या आधी सुरू झाली होती!

घसा दुखला, झडप गेली

लेडी हार्डिंगच्या वॉर्डात पद्मावतींना दिसलेले पेशंट लंडन-बोस्टनपेक्षा वेगळे होते. तिकडे हृदयरोगी म्हणजे पन्नाशीतला, सिगारेट ओढणारा पुरुष. इथे विशी-पंचविशीतल्या मुली धापा टाकत येत होत्या आणि त्यातल्या कित्येक गरोदर असत.

हा होता रुमॅटिक हृदयरोग. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा धरतो. घरचे हळद-दूध देतात, घसा बरा होतो, सगळे विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, सांधे सुजतात. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली यंत्रणा चुकून स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. हृदयाच्या झडपा हळूहळू जाड, आखडलेल्या होतात. डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की रक्त पुढे सरकायला अडतं आणि मागे फुप्फुसात तुंबतं.

तरीही मुलगी वर्षानुवर्षं ठीकठाक दिसू शकते. मग लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं. अरुंद झडपेला हा लोंढा झेपत नाही आणि मुलीला आडवं झोपलं तरी गुदमरायला होतं. घरच्यांना वाटतं, पोटुशी बाई, दम लागणारच. लहानपणचं घशाचं दुखणं कुणाला आठवतही नाही.

हा आजार दाटीवाटीच्या घरांत, जिथे वेळेवर औषध मिळत नाही तिथे फोफावतो. घशाच्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन दिलं तर तो टाळता येतो. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देत राहिलं तर झडप आणखी बिघडण्यापासून वाचवता येते. इंजेक्शन स्वस्त आहे. खराब झडप बदलायची शस्त्रक्रिया महाग आहे. हिशोब इतका सरळ असूनही आपल्याकडे झडपेचे पेशंट अजून येतातच. तुमच्या घरात कुणाचा 'व्हॉल्व' बदललेला असेल आणि वय कमी असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता बरीच.

फुंकणीमागची बाई

पण मला पद्मावतींचं सर्वांत मोठं काम वाटतं ते दुसरं.

1959 मध्ये 'सर्क्युलेशन' या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचा आणि सहकारी पाठक यांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता दिल्लीतले कॉर पल्मोनालचे 127 पेशंट.

कॉर पल्मोनाल म्हणजे फुप्फुसामुळे होणारा हृदयरोग. फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब होत गेली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदयाचा उजवा कप्पा फुप्फुसात रक्त ढकलत असतो, त्याला आता जास्त जोर लावावा लागतो. तो जाड होतो, मग फुगतो, शेवटी थकतो. पायावर सूज, पोटात पाणी, जिना चढणं सोडाच, चार पावलं चालणंही कठीण.

पाश्चात्त्य पुस्तकांत हा उतारवयातल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार होता. दिल्लीत मात्र बायका जवळपास पुरुषांइतक्याच होत्या, वयाने तरुण होत्या आणि त्यातल्या फार थोड्या विडी-सिगारेट ओढायच्या. मग फुप्फुसं कशाने गेली?

संशय चुलीवर गेला. बंद खोली, धुराडं नाही, चुलीत शेणाच्या गोवऱ्या आणि ओली लाकडं. बाई फुंकणी घेऊन जाळाशी तोंड नेते, धूर छातीत घेते. हे रोज दोन-तीन तास, वयाच्या दहा-बाराव्या वर्षापासून. सिगारेटला हातही न लावता या बायका आयुष्यभर धूर ओढत होत्या.

आज 'घरातलं वायुप्रदूषण' हा शब्द सरकारी अहवालांत सर्रास दिसतो. 1959 मध्ये चुलीचा धूर हा कुणाला आजाराचा विषयच वाटत नव्हता. डोळे चुरचुरणं, खोकला येणं हे बाईच्या जातीला लागूनच आलेलं, अशी समजूत होती. बायकांच्या वॉर्डात बसलेल्या डॉक्टरला ते दिसलं, याला मी योगायोग म्हणणार नाही. त्या काळी पुरुष डॉक्टरसमोर यातल्या कित्येक जणी आल्याच नसत्या.

डॉक्टर घडवणारी डॉक्टर

1967 मध्ये त्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या संचालक-प्राचार्य झाल्या. कॉलेजला जोडलेल्या जी. बी. पंत हॉस्पिटलमध्ये हृदयरोग विभाग उभा राहिला. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं, 1992 मध्ये पद्मविभूषण.

शिक्षक म्हणून त्यांचं महत्त्व समजून घ्यायचं तर तेव्हाची स्थिती लक्षात घ्यायला हवी. भारतात हृदयरोग हा सर्वसाधारण मेडिसिनचाच एक तुकडा समजला जाई. विशेष शिक्षण हवं असेल तर बोट पकडून परदेश गाठायचं, जसं खुद्द पद्मावतींनी केलं. एमडीनंतर करायची 'डीएम कार्डिओलॉजी' ही पदवी देशात सुरू करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज तुमच्या शहरातल्या हार्ट स्पेशालिस्टच्या पाटीवर नावापुढे 'डीएम' दिसतं ना, तेच ते.

1962 मध्ये त्यांनी काही डॉक्टर आणि उद्योगपतींना सोबत घेऊन ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केलं. 1966 मध्ये हृदयरोगाची पाचवी जागतिक परिषद दिल्लीत भरली, तिच्या सरचिटणीस त्याच. 1978 मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्ती झाली आणि 1981 मध्ये फाउंडेशनचं नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट उभं राहिलं. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या.

त्यांनी लग्न केलं नाही. नव्वदी उलटल्यावरही त्या पोहत आणि पेशंटही तपासत. 'गॉडमदर ऑफ कार्डिओलॉजी' हे बिरूद त्यांना वर्तमानपत्रांनी चिकटवलं. ऐकायला छान आहे, पण त्यातून 127 पेशंटच्या नोंदी कुणी ठेवल्या हे कळत नाही.

चूल विझली का?

त्या शोधनिबंधानंतर 57 वर्षांनी, 1 मे 2016 रोजी, गरीब घरांतल्या बायकांच्या नावे गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर झालेल्या, 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं साधारण 59 टक्के निघाली. ग्रामीण भारतात हाच आकडा 43 टक्क्यांच्या आसपास होता. सिलिंडर घरात आहे, पण भरून आणायला पैसे नाहीत म्हणून भाकरी चुलीवरच, अशी घरं आपल्याकडेही गावोगाव सापडतात.

पद्मावती गेल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. कोविडच्या नियमांप्रमाणे दिल्लीतच पंजाबी बाग स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.