लग्नाची पंगत आणि पंचांची कात्री

हॅम्बुर्गच्या ग्लुकेल या ज्यू व्यापारी स्त्रीने वैधव्य आल्यानंतर, १६९१ साली, यिडिशमध्ये आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. त्यांत थोरली मुलगी झिप्पोरा हिच्या क्लेव्ह येथील लग्नाची हकीकत आहे. व्याही गर्भश्रीमंत. मांडवाला ब्रांडेनबुर्गचा राजपुत्र फ्रेडरिक आलेला. हाच पुढे १७०१ साली प्रशियाचा पहिला राजा झाला. सरबराईची एकच धांदल उडालेली. वधूवर लग्नछत्राखाली उभे राहिले तेव्हा कोठे ध्यानात आले की केतुबा लिहायचाच राहिला आहे. शेवटी रब्बींनी एका पुस्तकातून त्याचा मजकूर वाचून वेळ निभावून नेली.

केतुबा म्हणजे विवाहाचा करारनामा; वैधव्य वा घटस्फोट ओढवल्यास पत्नीला मिळावयाची रक्कम त्यात लिहिलेली असते. साऱ्या समारंभात वधूच्या हिताचा म्हणावा असा हा एकच कागद. राजपुत्राच्या पाहुणचारात नेमका तोच विसरला जावा, यातला विनोद आम्हांस कडवट वाटतो.

मात्र या थाटाला निव्वळ बडेजाव म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. वधूवरांना आनंदित करणे हे ज्यू परंपरेत धर्मकर्तव्य आहे. कुमारिकेचा विवाह बुधवारी व्हावा असे मिश्ना सांगते. त्याचे एक कारण तालमूद असे देतो की मेजवानीच्या तयारीस आधीचे तीन दिवस मिळावेत. म्हणजे पंगत ही धर्माचीच, आणि तिची किंमतही धर्माच्याच नावे चुकती व्हायची.

ही किंमत ग्रंथांतूनच मोजता येते. कुमारिकेच्या केतुब्याची मूळ रक्कम दोनशे झुझ. अनाथ मुलीचे लग्न गावाने लावून द्यायचे तर तिला पन्नास झुझांहून कमी देऊ नये. निधीत शिल्लक असेल तर तिच्या मानाप्रमाणे द्यावे. आणि त्याच तालमुदात मार बर राविना आपल्या मुलाच्या लग्नात, विद्वान मंडळी फारच रंगात आलेली पाहून, चारशे झुझांचा पेला आणवून त्यांच्यासमोर फोडतो. उन्मादाला आवर घालण्यासाठी फोडलेला हा पेला दोन केतुब्यांच्या आणि आठ अनाथ मुलींच्या मोलाचा होता! टीकाकारांनी त्यात काच फोडण्याच्या प्रथेचे मूळ पाहिले. आम्हांला त्याची किंमतही पाहावीशी वाटते.

मध्ययुगात पंचायतींनी कात्री हाती घेतली. १४१८ साली इटलीतील फोर्ली येथे जमलेल्या ज्यू प्रतिनिधींनी उंची वस्त्रे आणि मेजवान्या यांवर मर्यादा घातल्या. कारण दुहेरी होते: देवासमोर नम्रता, आणि शेजारच्या ख्रिस्ती समाजाचा मत्सर ओढवून न घेणे. पुढे १६३७ साली लिथुआनियाच्या ज्यू परिषदेने ठरवले की गावोगावच्या प्रमुखांनी रब्बींसह बसून कोणी किती पाहुणे बोलवावेत हे निश्चित करावे, आणि सिनेगॉगच्या सेवकाने बोलावणे केल्याखेरीज कोणी पंगतीस जाऊ नये. पण ही मर्यादा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरायची होती. ऋण काढून सण करणाऱ्याला तिने वाचवले असेल. श्रीमंताच्या लांब पंगतीला मात्र तिने पंचांची मान्यताच दिली. गावातली उतरंड पंगतीतही कायम राहिली.

मिश्नातल्या जेरुसलेमच्या मुलींनी ही गोष्ट अधिक नेमकी ओळखली होती असे आम्हांस वाटते. अव महिन्याच्या पंधराव्या दिवशी द्राक्षमळ्यांत नाचावयास जाताना त्या सर्वजणी उसनी शुभ्र वस्त्रे नेसत; जिच्यापाशी नाही तिला लाज वाटू नये म्हणून. जिच्यापाशी आहे तिनेही उसनेच नेसायचे.

कादंबरीकार अग्नोन यांच्या ‘हाखनासत काला’ (१९३१) मधील दरिद्री भाविक रेब युडेल तीन मुलींच्या हुंड्यासाठी गॅलिशियाभर फिरतो. त्याची अडचण अखेर सुटते ती गुहेत अवचित सापडलेल्या धनाने. अग्नोन यांनाही दुसरा मार्ग दिसला नसावा.

हा प्रश्न विसाव्या शतकातही सुटला नाही. इस्रायलमधील गेर या हसिदी पंथाचे प्रमुख सिम्हा बुनिम आल्टर यांनी (कारकीर्द १९७७ ते १९९२) लग्नखर्चावर बंधने घातली. परंतु त्या समाजात खरा भार मेजवानीचा नव्हताच. नवदांपत्याला घर घेऊन देण्याची आईबापांकडून अपेक्षा असे. म्हणून त्यांनी घराच्या खर्चालाही हात घातला आणि नव्या जोडप्यांनी जेरुसलेम व ब्नेइ ब्राक सोडून स्वस्त गावी बिऱ्हाड करावे असा आग्रह धरला. अश्दोद आणि अराद येथे गेर कुटुंबांच्या वसाहती उभ्या राहिल्या.