चाकाच्या पोटातली जागा : शर्यतींच्या मोटारी आणि ब्रेकचा इतिहास

१/ मोटारीला अधिक मोठे ब्रेक बसवू पाहणाऱ्यापुढे पहिला अडसर उभा राहतो तो चाकाचाच. रिमचा व्यास ठरलेला असतो. ब्रेक त्याच्या आत मावला पाहिजे आणि फिरत्या रिमला कुठे घासताही कामा नये. आज गॅरेजात कॅलिपर आणि रिम यांच्यातली फट मोजून हा प्रश्न सुटतो. १९५०च्या दशकात मात्र त्याने युरोपातील नामांकित अभियंत्यांना कोड्यात टाकले होते. 🧵

२/ त्या काळी बहुतेक मोटारींना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमवर आतून ब्रेक-शू दाबले जात. वारंवार ब्रेक लावले की ड्रम तापून प्रसरण पावे आणि शूपासून दूर सरके. फट वाढली की पेडल खोल जाई. अस्तराची पकडही उष्णतेने घटे. यावर सरळ उपाय होता मोठ्या ड्रमचा. पण तो ठेवायचा कुठे?

३/ मर्सिडीझने ब्रेकच चाकाबाहेर काढले! ३०० एसएलआर या मोटारीचे ड्रम १६ इंची चाकात मावण्यापलीकडचे होते. म्हणून ते गाडीच्या मध्यभागाकडे बसवले आणि दांड्यांनी चाकांशी जोडले. जागेचा प्रश्न मिटला; ड्रमच्या तापण्याचा तसाच राहिला.

४/ दुसरा मार्ग जुनाच होता. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. मात्र तांब्याची अस्तरे कर्कश वाजत आणि लवकर झिजत. पुढे डनलॉप कंपनीने विमानांसाठी डिस्क ब्रेक विकसित केले आणि जग्वारने ते आपल्या सी-टाइप मोटारीवर आजमावले. चाचणीचा मोठा भार नॉर्मन ड्यूइस यांनी वाहिला.

५/ डिस्क उघडी असल्याने तिला वारा लागतो. शिवाय ती तापून फुगते ती पॅडच्या दिशेने. म्हणजे ड्रममध्ये वाढणारी फट इथे कमी होते. पण एक नवेच दुखणे उद्भवले. वळणावर हब किंचित वाकला की डिस्क कलंडे आणि पॅडना मागे ढकली. मग पुढच्या वळणाआधी पेडल दाबावे, तर ते पोकळ खाली जाई!

६/ मिलिमीटरच्या अंशाएवढी फट, पण भरवेगात ती प्राणावर बेतू शकत होती. यावर चालकाचा उपाय म्हणजे वळण येण्याआधीच पेडल हलकेच दाबून पॅड जागेवर आणणे. अभियंत्यांचा उपाय म्हणजे हब आणि बेअरिंग यांची बांधणी अधिक ताठ करणे.

७/ १९५२च्या मिल्ले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि ड्यूइस यांना स्टीअरिंगच्या बिघाडामुळे माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी रॅंस येथे मॉस यांनी डिस्क ब्रेकच्या सी-टाइपने शर्यत जिंकली. १९५३ मध्ये ल माँ येथे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी विजय मिळवला. २४ तासांच्या त्या शर्यतीत विजेत्याची सरासरी प्रथमच ताशी १०० मैलांपुढे गेली.

८/ १९५५च्या ल माँमध्ये दोन्ही विचार समोरासमोर आले : जग्वारच्या डिस्क आणि मर्सिडीझचे ड्रम. ड्रमना साहाय्य म्हणून मर्सिडीझने चालकाच्या मागे सुमारे ०.७ चौरस मीटरचा, वाऱ्याला अडवणारा उभा फलक बसवला होता. ११ जूनच्या सायंकाळी हॉथॉर्न यांच्या जग्वारने पिटसाठी वेग कमी केला. मागची मॅक्लिन यांची ऑस्टिन-हीली बाजूला वळली आणि लव्हेग यांची मर्सिडीझ तिच्यावर आदळून प्रेक्षकांकडे उसळली.

९/ लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. या अनर्थाचा दोष एका ब्रेकच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पिटलगतचा अरुंद रस्ता आणि प्रेक्षकांचे अपुरे संरक्षण तितकेच कारणीभूत होते. मात्र मोटारींचा वेग रस्त्यांच्या रचनेला किती मागे टाकून गेला होता, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले.

१०/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला सादर झालेल्या सिट्रोएन डीएसने पुढच्या डिस्क गिअरबॉक्सलगत बसवल्या. म्हणजे दोन्ही उपाय एकत्र आले. तिसरा उपाय फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये स्वीकारला. चाके १३ वरून १८ इंचांची झाली आणि पुढच्या डिस्कचा व्यास २७८ वरून सुमारे ३३० मिलिमीटरवर गेला.

११/ ब्रेक आत सरकवा, ब्रेकची जात बदला किंवा चाक मोठे करा. गॅरेजातला आजचा कारागीरही याच तीन वाटांपैकी एक निवडतो. वेगाचा इतिहास इंजिनांच्या नावाने लिहिला जातो. पण इंजिनाला किती धावू द्यायचे, हे चाकाच्या पोटातली ती चिमूटभर जागा ठरवत आली आहे.