वत्सगुल्म : राजधानीचे वैभव आणि गावांची भाकर

हिंगोली जिल्ह्यातील उपासक-उपासिका अजिंठ्याला मोठ्या श्रद्धेने जातात. परंतु ज्या राजसत्तेच्या काळात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरले गेले तिची राजधानी आपल्या शेजारीच, पैनगंगेपलीकडे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजचे वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म होय. वारसा पाहण्यासाठी वाशीमला जाणाऱ्या वाचकाने तेथे काय पाहावे आणि काय विचारावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

चौथ्या शतकात वाकाटक नृपती सर्वसेनाने येथे स्वतंत्र शाखा स्थापन केली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या काळी तिचा प्रभाव कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र या देशांपर्यंत पोहोचला, असे अजिंठ्याचा शिलालेख सांगतो. हरिषेणाचा अमात्य वराहदेव ब्राह्मण वंशातील होता. तरीही त्याने सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान केले. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शक 380 (इ.स. 457-58) चा शिलालेख देवसेनाच्या राजवटीत स्वामिल्लदेवाने बांधलेल्या ‘सुदर्शन’ तलावाची नोंद देतो.

परंतु या वैभवाचा खर्च कोणी सोसला? याचे उत्तर 1939 मध्ये प्रकाशात आलेल्या वाशीम ताम्रपटात सापडते. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्मातून हे दानपत्र दिले. ‘नांदीकड’च्या उत्तर मार्गावरील एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले. नांदीकड म्हणजे नांदेड, असे विद्वान मानतात. वाशीम आणि नांदेड यांच्यामधला मुलूख म्हणजे आपलाच हिंगोली परिसर, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या दानगावाला पुढील गोष्टींची सूट होती : तेथे सैनिकांनी शिरू नये, गावाने गाई-बैल देऊ नयेत, फुले व दूध पुरवू नये, फिरतीवरील अधिकाऱ्यांना बसण्यासाठी गवत व कातडी आणि चुलीसाठी कोळसा देऊ नये. सूट तेथेच लिहिली जाते, जेथे बोजा असतो. ज्या गावांना सूट नव्हती, त्यांच्या दारात हे अधिकारी येत आणि त्यांचे दूध, त्यांचे बैल, त्यांची कातडी घेऊन जात. कातडे कमावणाऱ्याचे नाव ताम्रपटात नाही. दान घेणाऱ्यांची नावे मात्र आहेत.

म्हणून राजधानीचा वारसा पाहताना तेथील अन्नाकडेही इतिहासाच्या दृष्टीने पाहावे. वाशीमला आज ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले आणि ठेचा मिळतो. यातील मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांमुळे ती भारतात आली. शेंगदाणाही मूळचा तिकडचाच. तेव्हा हरिषेणाच्या पाकशाळेत मिरचीचा ठेचा असणे शक्यच नव्हते. आपण ज्याला परंपरा म्हणतो तीही अनित्य आहे. अनेक हातांनी ती घडविली आहे. आपल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाचे खरे धनी ती लावणारे, खणणारे, शिजवणारे आणि वाळवणारे हातच होत.

वाकाटक राजे स्वतःला ‘धर्ममहाराज’ म्हणवीत आणि वैदिक यज्ञ करीत. अजिंठ्याचे श्रेय त्यांच्या धर्मनिष्ठेला देता येणार नाही. तसेच, वराहदेवाचे दान नाकारण्याचेही कारण नाही. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात जलाशयाचा उल्लेख आहे. भिक्खूंना पाणी लागे, तसेच रोजचे अन्नही लागे; आणि ते कोणाच्या तरी शेतातच पिकत असले पाहिजे. त्या शेतकऱ्यांचे दान कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही.

आमच्या वाचकांनी अजिंठ्याच्या आधी एकदा वाशीमला जावे, हिस्से-बोराळ्याचा परिसर पाहावा आणि मुलांना ताम्रपटाचा अर्थ समजावून सांगावा. राजाचे नाव पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. राजाला कोणी पोसले, हे विचारण्यापासून आपला इतिहास सुरू होतो.