खालिद जमील

खालिद जमील (२१ एप्रिल, १९७७, कुवेत - ) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक आणि माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. सावियो मदेरा यांच्यानंतर (२०११-१२) या पदावर आलेले ते पहिलेच भारतीय प्रशिक्षक होत.

खेळाडू म्हणून कारकीर्द

जमील मधल्या फळीत खेळत. त्यांची क्लब कारकीर्द मुंबईत घडली. महिंद्रा आणि एर इंडिया या संघांकडून ते खेळले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा ते त्या संघात होते. पुढे ते २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीमध्ये गेले. मात्र दुखापतींमुळे त्यांना खेळातून निवृत्त व्हावे लागले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

२००९ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. मर्यादित साधने असलेल्या या संघाला त्यांनी २०१६ पर्यंत आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात हा संघ तळाशी राहिला आणि त्याची पदावनती झाली.

त्याच २०१६-१७ च्या हंगामात जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरममधील ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. आदल्या हंगामात पदावनत झालेल्या या संघाला गोव्यातील क्लबांच्या माघारीमुळे पुन्हा प्रवेश मिळाला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ऐझॉल ३७ गुणांसह विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. राष्ट्रीय लीग जिंकणारा हा ईशान्य भारतातील पहिला क्लब होय.

त्यानंतर त्यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्यातील संघांना प्रशिक्षण दिले. इंडियन सुपर लीगमध्ये क्लबांचा कल प्रामुख्याने परदेशी प्रशिक्षकांकडे होता. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची तात्पुरती सूत्रे हाती आल्यावर जमील यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी त्यांना कायम मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. या लीगमध्ये असा मान मिळालेले ते पहिले भारतीय ठरले. पुढे जमशेदपूर एफसीला त्यांनी २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले.

राष्ट्रीय संघ

त्यांच्या पहिल्याच स्पर्धेत, २०२५ च्या काफा नेशन्स चषकात, भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. मात्र ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाल्याने २०२७ च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतील भारताचे आव्हान संपुष्टात आले.